ढगांच्या वरून पूर दिसतो, पण उसाखालचा दिसत नाही, असं का?

२०१९ च्या ऑगस्टात मामांचा फोन आला, आवाज चढलेला. मिरज तालुक्यात कृष्णेच्या काठाला त्यांची मळीची रानं आहेत. सांगलीच्या आयर्विन पुलाजवळची पातळी ४५ फुटांची धोक्याची रेघ केव्हाच ओलांडून गेलेली, कोयनेतून किती क्युसेक सोडलं आणि किती सोडणार याचे मेसेज ग्रुपवर दर दहा मिनिटाला पडतायत, त्यातले निम्मे खोटे. मामा म्हणाले, "अरे तू ते सॅटेलाइटचं काम करतोस ना, मग बघून सांग की पाणी कुठवर आलंय, आमचा रस्ता बंद झालाय काय?"

आणि मला सांगता येईना. मला तिथे दिसत होता फक्त पांढरा कापूस. अख्ख्या पश्चिम महाराष्ट्रावर ढग. पुढे पाणी आयर्विनला ५७ फुटांच्या वर गेलं, कोल्हापूरला राजाराम बंधाऱ्यावर ५५ च्या वर गेलं (तिथली धोका पातळी ४३ आहे), शिरोलीजवळ पुणे-बंगळूर हायवे कित्येक दिवस पाण्याखाली होता, आणि आकाशात इतके उपग्रह फिरत असून माझ्या मामांच्या एका साध्या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नव्हतं.

तेव्हापासून कोणी विचारलं की "सॅटेलाइटला सगळं दिसतं ना, मग पूर आधी का कळत नाही" तर मी जरा लांबलचक उत्तर देतो. आज तेच लिहून काढतोय.

पहिली गोष्ट म्हणजे "सॅटेलाइट" हा एकच प्राणी नाहीये. टीव्हीवर हवामानाच्या बातमीत जे फिरणारे ढग दिसतात ते इन्सॅट-३डीआर, इन्सॅट-३डीएस अशा उपग्रहांचे. हे विषुववृत्तावर ३६,००० किलोमीटर उंचीवर पृथ्वीच्याच वेगाने फिरतात, म्हणून आपल्याला एका जागी खिळल्यासारखे वाटतात, आणि अर्ध्या अर्ध्या तासाने फोटो पाठवत राहतात. पण इतक्या लांबून बघितल्यावर बारीक दिसणार कसं? त्यांच्या साध्या फोटोतला एक ठिपका जमिनीवर साधारण १ किलोमीटरचा असतो, उष्णतेच्या फोटोतला ४ किलोमीटरचा. म्हणजे अख्खं गाव एका ठिपक्यात. वादळासाठी हे पुरतं, कारण वादळ शेकडो किलोमीटरचं असतं. ढगांचा पीळ किती घट्ट आहे, मधला डोळा उघडलाय का, यावरून वादळाचा जोर ठरवायची ड्वोरॅक नावाची पद्धत आहे, १९७० च्या दशकापासूनची, आणि आपलं हवामान खातं आजही ती वापरतं. जून २०२० ला निसर्ग वादळ रायगडच्या किनाऱ्यावर आलं तेव्हा ते येतंय हे आधीच माहीत होतं, लोकांना हलवता आलं, मासेमारीच्या होड्या परत बोलावता आल्या. ओडिशाचं तर उदाहरण सगळ्यांनी ऐकलंय, १९९९ च्या वादळात तिथे १०,००० च्या आसपास माणसं गेली आणि २०१३ च्या फायलिनला मृत्यू पन्नासच्या आत राहिले. अर्थात हे एकट्या उपग्रहाचं काम नाही, मधल्या चौदा वर्षांत तिथे निवारे बांधले गेले, गावोगाव माणसं तयार झाली. वादळाची गोष्ट बरीच सुटलीय म्हणा, म्हणून त्यावर जास्त थांबत नाही.

दुसऱ्या जातीचे उपग्रह खाली, ७०० किलोमीटरच्या आसपास फिरतात. सेकंदाला साडेसात किलोमीटर वेगाने पळतात, दीडेक तासात पृथ्वीला एक चक्कर. जवळ असल्याने त्यांना नीट दिसतं, युरोपच्या सेंटिनेल-२ चा ठिपका १० मीटरचा आहे, म्हणजे शेताचा बांध कळेल न कळेल इतपत. पण हे पळते आहेत. आज तुमच्या गावावरून गेला की परत यायला पाच दिवस, कोणी बारा दिवस. सीसीटीव्ही नाही तो, पोस्टमन आहे, त्याच्या वेळेला येणार.

आता ढगांचं काय? सेंटिनेल-२ म्हणजे शेवटी कॅमेराच, सूर्याचा उजेड जमिनीवर पडून परत येतो तो टिपतो. मध्ये ढग आला की संपलं. आणि आपल्याकडे पूर येतो कधी तर ढग असतात तेव्हाच. कॅमेऱ्याचे सुंदर हिरवेगार फोटो डिसेंबरात मिळतात, जेव्हा नदी गुडघाभर असते.

म्हणून रडार. रडारवाला उपग्रह सूर्याची वाट बघत नाही, स्वतःच रेडिओ लहर खाली सोडतो आणि तिचा प्रतिध्वनी ऐकतो. रात्र असो, पाऊस असो, ही लहर ढगातून आरपार जाते. युरोपचा सेंटिनेल-१ आहे, आपल्या इस्रोचा ईओएस-०४ आहे (फेब्रुवारी २०२२ ला गेलेला, रिसॅट-१ए पण म्हणतात त्याला). यांची लहर साडेपाच सेंटीमीटरची, सी-बँड म्हणतात.

पाणी कसं ओळखायचं हे घरी करून बघा. अंधाऱ्या खोलीत आरशावर तिरका टॉर्च मारा. उजेड समोरच्या भिंतीवर जाऊन पडतो, आरसा तुम्हाला काळाच दिसतो. तोच टॉर्च खडबडीत भिंतीवर मारा, उजेड सगळीकडे विखुरतो, थोडा तुमच्याकडेही येतो आणि भिंत दिसते. रडारही तिरकंच बघतं. साचलेलं शांत पाणी म्हणजे आरसा, लहर पलीकडे निघून जाते, उपग्रहाकडे काही परत येत नाही, चित्रात तिथे काळं. माती, गवत, झाडं खडबडीत, म्हणून राखाडी. मे महिन्याचं चित्र आणि पुरातलं चित्र शेजारी ठेवलं की जे राखाडीचं काळं झालं ते पाणी. पुराचे जे नकाशे हैदराबादच्या राष्ट्रीय सुदूर संवेदन केंद्राकडून येतात आणि भुवन पोर्टलवर दिसतात ते मुख्यतः याच हिशोबाने बनतात.

ऐकायला किती सोपं. आता अडचणी.

वारा सुटला की पाण्यावर लाटा येतात, आरसा खडबडीत होतो आणि पाणी जमिनीसारखं दिसायला लागतं. उलट, डांबरी रस्ता किंवा विमानतळाची धावपट्टी कोरडी असूनही गुळगुळीत, ती पाण्यासारखी काळी दिसते. शहरात तर अजून गोंधळ, लहर रस्त्यावरच्या पाण्यावर आपटून बिल्डिंगच्या भिंतीवर जाते आणि भिंतीवरून थेट उपग्रहाकडे, म्हणजे पाणी भरलेली गल्ली काळी न दिसता लखलखीत दिसते. त्यामुळे सांगलीतल्या गल्ल्यांमध्ये पाणी किती हे नुसत्या नकाशावरून सांगायला गेलात तर फसाल.

आणि मग ऊस. हे मला कुठल्या पुस्तकात नाही, मामांच्या रानात कळलं. पूर ओसरल्यावर मी रडारची चित्रं काढून नकाशा बनवला आणि मोठ्या हौसेने त्यांना दाखवायला गेलो. त्यांनी मोबाईल हातात घेतला, आपला बांध शोधला आणि म्हणाले, "हे काय, आमचं रान कोरडं दाखवतोयस तू? इथं माझ्या छातीला पाणी होतं." आडसाली ऊस होता तो, आदल्या वर्षीच्या पावसाळ्यात लावलेला, पुरुषभर उंचीच्याही वर गेलेला. साडेपाच सेंटीमीटरची लहर वरच्या पानांतच अडकते, खाली पाणी आहे की माती तिला पत्ताच लागत नाही. माझ्या नकाशात नदीकाठची उघडी रानं, सोयाबीन, भुईमूग व्यवस्थित बुडालेले, आणि मध्ये उसाचे फड बेटांसारखे कोरडे! नदीकाठच्या पट्ट्यात ऊसच जास्त, म्हणजे पुराचा आकडा केवढा कमी येणार विचार करा. शेंडा पाण्याखाली गेला की ऊस कुजतो हे शेतकऱ्याला माहिती असतं, आणि पाण्याने शेंडा गाठला की मगच रडारलाही पाणी दिसायला लागतं, म्हणजे नुकसान होऊन गेल्यावर.

यावर उतारा म्हणजे लांब लहर. बारीक लहर पानाला धडकते, लांब लहर पानं ओलांडून खोडापर्यंत, जमिनीपर्यंत पोचते. ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्यावरून निसार गेला, नासा आणि इस्रोचा मिळून बनवलेला, त्यात एल-बँडची सुमारे २४ सेंटीमीटरची लहर आहे, शिवाय इस्रोची एस-बँड म्हणजे त्याहून आखूड लहर आहे, आणि छत्रीसारखा उघडणारा १२ मीटर व्यासाचा अँटेना. खाली पाणी असेल तर लांब लहर पाण्यावरून उसाच्या खोडावर आणि तिथून परत उपग्रहाकडे अशी उसळते आणि फड नेहमीपेक्षा उजळ दिसतो. उजळ म्हणजे बुडालेला, काळा म्हणजेही बुडालेला, आता हे मामांना समजावून सांगायचंय.

पण निसारही एका जागेवर बारा दिवसांनी येतो. २०१९ चा पूर आठवडाभर होता, २०२१ चा त्याहून लवकर ओसरला. पोस्टमन आदल्या दिवशी येऊन गेला असेल तर अख्खा पूर येऊन जाईल आणि एकही चित्र मिळणार नाही. म्हणून देशोदेशीच्या अंतराळ संस्थांनी २००० साली एक करार केला, कुठेही मोठी आपत्ती आली की ज्याचा उपग्रह वरून जात असेल त्याने चित्र फुकट द्यायचं, इस्रो २००१ पासून त्यात आहे. सेंटिनेलचा डेटा तर एरवीही सगळ्या जगाला फुकट. पूर्वी आपल्याला पुरासाठी कॅनडाच्या रडारसॅटची चित्रं विकत घ्यायला लागायची, त्या मानाने आताची पोरं नशीबवान.

इथवर वाचून कोणी म्हणेल की मग उपयोग काय, ऐनवेळी दिसत नाही, दिसलं तर उसाखालचं दिसत नाही. माझंही २०१९ ला तेच झालं होतं, ऐन पुरात बसून स्क्रीनवर डोकं आपटत होतो. चूक माझ्या अपेक्षेत होती. उपग्रहाकडे लाईव्ह मॅच बघायला जायचं नाही, जुना अल्बम चाळायला जायचं.

म्हणजे असं की २००५ चा पूर, २०१९ चा, २०२१ चा, शिवाय दरवर्षीचं छोटंमोठं पात्राबाहेरचं पाणी, ही सगळी चित्रं एकावर एक ठेवा आणि प्रत्येक ठिपक्याला विचारा की तू किती वेळा भिजलास. जो तीनदा भिजला तिथे निवारा केंद्र नको. जो रस्ता प्रत्येक वेळी सगळ्यात आधी काळा होतो त्याच्या पलीकडच्या वाडीला जुलैमध्येच रेशन आणि बोट पोचवून ठेवायची. गुरांना कुठल्या माळावर न्यायचं, ट्रान्सफॉर्मर किती उंचावर बसवायचा, गरोदर बायकांना पातळी किती फुटांवर असताना हलवायचं, हे सगळं मे महिन्यात घरात पंख्याखाली बसून ठरवता येतं. आपल्याकडे पूररेषा असतात, निळी रेषा म्हणजे सरासरी २५ वर्षांत एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांत एकदाच्या. या रेषा नदीची मापं आणि विसर्गाचं गणित करून आखतात, पण गणित बरोबर आलं का हे तपासायला प्रत्यक्ष पाणी कुठवर गेलं होतं त्याचा पुरावा लागतो आणि तो पुरावा अल्बमात असतो. निळ्या रेषेच्या आत बांधकामाला मनाई असते म्हणे. (म्हणे.)

या कामात अजून एक गोष्ट लागते, जमिनीची उंची. तीही वरून मोजतात. २००० सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेच्या स्पेस शटल यानाने ११ दिवसांत रडारने जवळजवळ अख्ख्या जगाचे चढउतार मोजले, तो नकाशा आजही फुकट मिळतो, आणि आपल्या कार्टोसॅट-१ ने दोन डोळ्यांसारखे दोन कॅमेरे लावून आपल्या देशाचा बनवला. डोंगराळ भागात हे झकास चालतं. सांगलीकडे मात्र नदीकाठ एवढा सपाट की फूटभर पाणी चढलं तरी लांबवर पसरतं, आणि या नकाशांमधली चूक कधी कधी काही मीटरची असते, शिवाय झाडाचा शेंडा तो जमीन समजतो. परत ऊस आला बघा मध्ये.

डोंगर सरकणं ही वेगळीच भानगड. रडारचीच एक करामत आहे, लहर घड्याळाच्या काट्यासारखी समजा, परत येते तेव्हा काटा किती वाजता उभा आहे हे उपग्रह नोंदवतो. बारा दिवसांनी त्याच जागेवरून परत बघितलं आणि काटा थोडा सरकलेला दिसला तर जमीन तेवढी हललीय. साधारण पावणेतीन सेंटीमीटर जमीन हलली तरी काटा पूर्ण फेरी मारतो, म्हणजे मिलीमीटरांतला फरकही पकडता येतो, ७०० किलोमीटरवरून! जोशीमठला असंच दिसलं, २७ डिसेंबर २०२२ ते ८ जानेवारी २०२३ या बारा दिवसांत जमीन ५.४ सेंटीमीटरपर्यंत खचली होती.

मग इर्शाळवाडीचं का नाही कळलं? १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातली ती वाडी दरडीखाली गेली आणि हा प्रश्न मला पाच जणांनी विचारला. उत्तर असं की घड्याळाची ही युक्ती चालायला दोन्ही वेळा जमीन सारखी दिसावी लागते, बोडकी, दगडी, नाहीतर घरांची. सह्याद्रीत पावसाळ्यात दर आठवड्याला गवत वीतभर वाढतं, पानं हलतात, काटा वाट्टेल तिकडे फिरतो आणि हाती नुसता रवा येतो, म्हणजे ठिपक्यांचा गोंधळ. आणि दुसरं म्हणजे जोशीमठ महिनोन् महिने खचत होतं, आपल्याकडची दरड तशी नोटीस देत नाही, दोनतीन दिवस कोसळून पाऊस पडतो, वरची माती पाण्याने जड होते आणि काही मिनिटांत सगळं खाली. माळीण २०१४, तळिये २०२१, इर्शाळवाडी २०२३, तिन्ही जुलैमध्ये, तिन्ही मुसळधार पावसात. अशा वेळी उपग्रह उतार किती, माती किती, वर झाडी तुटलीय का, आधी कुठे सरकलंय, एवढं बघून गावांची यादी करायला मदत करतो, बाकी काम पावसाच्या मोजमापाचं. आणि ते मोजमाप जमिनीवर हवं, कारण घाटात ढग बुटके असून धो धो ओततात, वरून बघणाऱ्या उपग्रहाला तो पाऊस बऱ्याचदा कमीच वाटतो. इर्शाळवाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती असं सरकारने तेव्हा सांगितलं होतं. याद्या परत परत तपासायला लागतात त्या यासाठी.

आणि यादीत असूनही काय होतं त्याचं उदाहरण सिक्कीम. साउथ ल्होनाक नावाचा तलाव, ५,२०० मीटर उंचीवर, बर्फ वितळून वाढत चाललेला. हा फुटू शकतो असं हैदराबादच्या शास्त्रज्ञांनी उपग्रहाची चित्रं बघून २०१३ मध्येच लिहून ठेवलं होतं. २८ सप्टेंबर २०२३ च्या चित्रात त्याचा पसारा १६७ हेक्टर होता, ४ ऑक्टोबरच्या चित्रात उरला ६० हेक्टर. मधल्या १०० हेक्टरवरचं पाणी रात्रीतून तीस्तेच्या खोऱ्यात उतरलं आणि चुंगथांगचं १,२०० मेगावॅट प्रकल्पाचं धरण घेऊन गेलं. दिसत होतं ना सगळं? दहा वर्षं दिसत होतं.

दुष्काळाचं दोन वाक्यांत सांगतो. २०१८ ला राज्यात १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला तेव्हा पावसाच्या आकड्यांबरोबर उपग्रहाने मोजलेला हिरवेपणाही धरला होता, आणि त्यावरून गावोगाव कुरबुर झाली कारण उपग्रहाला हिरवं कळतं, ते ज्वारीचं का वेड्या बाभळीचं हे सहज कळत नाही.

मामांना हे सगळं सांगितलं तेव्हा त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि मला शेडच्या मागे घेऊन गेले. भिंतीवर ऑईलपेंटने तीन रेघा मारल्यात, २००५, २०१९, २०२१, प्रत्येक पुरात पाणी कुठवर चढलं त्या. मी टेप लावून जमिनीपासूनच्या उंच्या घेतल्या, मोबाईलवर जागेचे अक्षांश-रेखांश घेतले आणि नकाशात त्या ठिकाणी हाताने टिंब टाकलं. त्या एका टिंबामुळे आजूबाजूच्या किती फडांचा हिशोब बदलला ते बघून मी मामांना म्हटलं अजून कोणाच्या भिंतीवर अशा रेघा आहेत का, तर म्हणाले, "मारुतीच्या देवळात आहे, शाळेच्या जिन्याला आहे, आणि तुझ्या आजीला विचार, तिला आधीच्याही आठवतायत." पुढच्या रविवारी टेप घेऊन जायचंय.